नाचणाचा पिनकोड

बत्तीस वर्षं पोस्टात काढली. त्यातली निम्म्याहून जास्त डिलिव्हरीला. सकाळी आलेली थैली फोडायची, टपाल बीटप्रमाणे, म्हणजे पोस्टमनच्या ठरलेल्या भागाप्रमाणे, लावायचं आणि पोस्टमन सायकली काढेपर्यंत मान वर करायची नाही. ज्या लाकडी खणांत आम्ही पत्रं टाकायचो, त्यांना पिजनहोल म्हणतात. निवृत्तीपर्यंत पक्ष्यांशी माझा संबंध काय तो एवढाच.

पुढे गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायला लागले. पहिले काही महिने नुसती चालत होते, पायाखालचे दगड बघत. एकदा खाणीच्या अलीकडे, ओहोळाच्या उतारावर, धाप लागली म्हणून बसले. समोरच्या झुडपात चिमणीएवढा जीव अस्वस्थ हालचाली करत होता. काळपट, गळा पांढरा, भुवई पांढरी, छातीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. आणि शेपूट! अंगाच्या मानाने भलतंच मोठं. रमी खेळणारा माणूस हातातली पानं पसरून बघतो आणि पुन्हा मिटतो, तसं ते उघडत होतं आणि मिटत होतं. डावीकडे वळ, उघड. उजवीकडे वळ, मिट. मी बसले होते पाच मिनिटांसाठी, उठले अर्ध्या तासाने.

त्याचं नाव नाचण, हे टेकडीवरच्या एका काकांनी सांगितलं. काही जण नाचरा म्हणतात. आपल्याकडचा तो ठिपकेवाला नाचण, शास्त्रीय नाव ऱ्हिपिड्युरा अल्बोग्युलॅरिस. ऱ्हिपिड्युरा म्हणजे पंख्यासारखं शेपूट, अल्बोग्युलॅरिस म्हणजे पांढऱ्या गळ्याचा. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे जोडीतलं कोण कोण हे मला अजूनही कळत नाही आणि आता कळून घ्यायची घाईही नाही.

आवाज मात्र एकदा ऐकला की विसरत नाही. सहा-सात स्वच्छ शिट्ट्या, खाली उतरत जाऊन मग वर चढणाऱ्या. आमच्या वाड्यात एक मुलगा पेटी शिकायचा. रोज संध्याकाळी तेच अलंकार, आणि शेवटचा स्वर गाठायच्या आधी जेवायला हाक यायची. नाचणाचं गाणं तसं आहे. वरच्या स्वरावर जाऊन अर्ध्यात सोडून देतो आणि लगेच माशीमागे हवेत कोलांटी मारतो.

पक्ष्यांची पुस्तकं वाचायला लागले तेव्हा एका शब्दापाशी अडखळले. प्रत्येक पक्ष्याच्या वर्णनाखाली एक ओळ असते, 'वितरण'. पोस्टात वितरण म्हणजे टपाल घरोघर पोहोचवणं. पुस्तकात वितरण म्हणजे तो पक्षी कुठून कुठपर्यंत आढळतो ते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. नाचणाचं वितरण: मध्य आणि दक्षिण भारत. एवढंच. आमच्याकडे कुणी पाकिटावर 'मध्य आणि दक्षिण भारत' असा पत्ता लिहिला असता तर ते 'अपुरा पत्ता' शेरा मारून त्याच दिवशी परत गेलं असतं.

त्या पुस्तकांचं बरोबरच आहे म्हणा. नकाशा एवढासा, त्यात पक्षी किती मावणार. नाचण आपल्या द्वीपकल्पाचाच रहिवासी. हिमालयात आणि पुढे आग्नेय आशियात त्याचा भाऊबंद राहतो, तो पांढऱ्या गळ्याचा नाचण. पूर्वी दोघांना एकाच जातीचं मानायचे. मग पंडितांनी वाटणी केली आणि आपल्या नाचणाला स्वतंत्र सातबारा मिळाला. पण त्या नकाशात रंगवलेल्या सगळ्या जागेत तो असतो असं थोडंच आहे? नागपूरपासून कन्याकुमारीपर्यंत रंग एकसारखा. प्रत्यक्षात माझ्या सोसायटीच्या पुढच्या अंगणात तो नाही आणि मागच्या बोळात आहे. मला हे मधलं अंतर समजून घ्यायचं होतं.

म्हणून वही केली. जुन्या सवयीने नोंदी पिनकोडप्रमाणे लावल्या. हे ऐकून मुलगा हसला. म्हणाला, "आई, आता ॲप असतं, नकाशावर टिचकी मारायची." असू दे ॲप. पिनकोड मला पाठ आहेत. (जाता जाता सांगते, ही पिनकोडची पद्धत ज्यांनी आणली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, आणि संस्कृतचे मोठे पंडितही. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. आमच्या पोस्टातल्या नव्या पोरांनासुद्धा हे ठाऊक नसायचं.)

तर वहीतलं पहिलं पान वेताळ टेकडीचं. टेकडीच्या चारी अंगांना चार पिनकोड. लॉ कॉलेज रस्त्याकडून चढलात तर ४११००४, गोखलेनगरकडून ४११०१६, पाषाणच्या बाजूने ४११००८ आणि आमच्या कोथरूडकडून ४११०३८. वरती वेताळबाबाचं देऊळ आणि पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. तिथे नाचण नाही. ऊन, वारा, गवत, मोरांचा केकारव, सगळं आहे, नाचण नाही. तो सापडतो उतारांवर, जिथे पावसाळ्यात पाणी वाहतं त्या घळींमध्ये, झाडांच्या खाली झुडपं आणि झुडपांच्या खाली सावली अशी दुहेरी व्यवस्था असते तिथे.

४११००७, विद्यापीठ. वडांच्या आणि बांबूंच्या सावलीत हमखास. ४११००१, एम्प्रेस गार्डन. जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा गर्दी डेलियाचे फोटो काढत असते आणि बाजूच्या ओढ्यावर नाचण एकटाच कार्यक्रम करत असतो, प्रेक्षक शून्य. ४११०२५, सिंहगडचा पायथा. अतकरवाडीकडची ती दरी म्हणजे नाचणाचं माहेरच. करवंदीच्या जाळ्या, कारवी, धायटी, मुरुडशेंग, वर आंबा-जांभूळ, आणि मधून ओहोळ. एका फेरीत मी पांढरे गळे मोजून दमले. तिथल्या एका मावशींकडे ताक पीत असताना मी त्यांना विचारलं, हा पक्षी माहीत आहे का. त्या म्हणाल्या, "त्यो व्हय? त्यो तर गुरांच्या मागं मागं येतोय. गुरू हाललं की चिलटं उडत्यात, ह्यो खातोय." मी पुस्तकात जे चार दिवसांपूर्वी वाचलं होतं ते मावशींनी ताक ढवळता ढवळता सांगितलं. शेपटाचा तो पंखाही, म्हणतात, त्याचसाठी. अचानक उघडलेल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्याने पानाआडचे किडे दचकून उडतात आणि याच्या तोंडी लागतात.

आणि कोरी पानं? ४११०३० सदाशिव पेठ, ४११००२ मंडई. माझ्या लहानपणी वाड्यांच्या मागे मोरीचं पाणी जाईल तिथे अळू, कर्दळ, पारिजातक, एखादं डाळिंब असं ओलसर गचपण असायचं. तिथे तेव्हा नाचण होता का, मला आठवत नाही. तेव्हा मी कुठे बघत होते! आता तिथे पार्किंग आहे, म्हणजे प्रश्नच मिटला.

४१३१०२ चं पानही सांगते, कारण तिथे मी फसले. बारामतीला धाकटी बहीण असते. तिच्या अंगणात कडुनिंबाच्या आडव्या फांदीवर एक जण शेपूट पसरून बसला होता. मी लगेच वहीत 'नाचण' लिहून मोकळी. रात्री फोटो मोठा करून बघितला तर भुवई केवढी रुंद, थेट कपाळभर आलेली, आणि पोट पांढरं. तो पांढऱ्या भुवईचा नाचण, वेगळी जात. त्याला मोकळं, कोरडं रान चालतं, आणि घरटंही तो झाडाच्या फांदीच्या पाठीवर बांधतो. पुण्यातून पूर्वेला निघालं की पाऊस कमी होत जातो, झुडपं विरळ होतात, बाभळी-कडुनिंब सुटे सुटे उभे राहतात. पश्चिमेला ताम्हिणीत पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पुणे शहरात जेमतेम सात-साडेसातशे. ऐंशी किलोमीटरच्या आत एवढा फरक. आपला ठिपकेवाला या उतरणीवर जिथे सावली असेल तिथे पाय रोवून आहे. पूर्वेला गेलं की तो ओढ्याकाठाला, आमराईला, एखाद्या जुन्या बागेला चिकटून राहतो. ठिपकेवाल्याची सावली संपते तिथे भुवईवाल्याचं ऊन सुरू होतं, असं मी माझ्यापुरतं समजते. सरहद्द काही आखलेली नाही. काही ठिकाणी दोघेही दिसतात.

आता घरट्याबद्दल. नेमकं कुठलं घरटं कुठे होतं ते इथे लिहिणार नाही. आयुष्यभर लोकांना पत्ते शोधून दिले, हा एक देणार नाही. मोठ्या लेन्सा घेऊन लोक येतात, समोरची पानं कापून 'व्ह्यू' मोकळा करतात, आणि मग अंडी-पिल्लं पळवणाऱ्या भारद्वाजालाही तो व्ह्यू मिळतो.

नाचणाचा विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट. मला घरटी सापडली ती बहुतेक मे-जूनमध्ये. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की किडे वाढतात, आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हा खायला घालायला भरपूर असतं. जागा कशी निवडतो? मी बघितलेली जवळजवळ सगळी घरटी माझ्या कमरेपासून हात वर केल्यावर पोहोचेल इतक्या उंचीत होती. बारीक फांदीला फुटलेली दुबेळकी, वर पानांचं छत, आणि खाली मोकळी जागा. खाली मोकळी जागा कशाला, याचा मी बरेच दिवस विचार केला. मग एकदा बसलेला पक्षी धोका दिसताच सरळ खाली पडल्यासारखा सटकला आणि जमिनीलगत दूर जाऊन ओरडायला लागला, तेव्हा कळलं. मागचं दार!

घरटं म्हणजे किती, तर चहाच्या कपापेक्षाही लहान. आमच्याकडे पूर्वी देवघरात नक्षीची उदबत्तीघरं असायची, तसा घाट. बारीक गवत, मुळ्या, सालींचे धागे गोल गोल वळवलेले आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्याचा लेप. हा लेप कसा लावतात ते मी तीन सकाळी बघितलं. पक्षी चोचीत जाळं गुंडाळून आणतो, काठावर टेकवतो, आणि मग घरट्यात बसून छातीने गोल फिरत ते दाबत जातो. शेपूट तेवढं बाहेर, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत असतं. जाळ्यामुळे घरटं फांदीला चिकटतं, ताणलं तरी फाटत नाही आणि लांबून पाहिलं तर वाळलेल्या फांदीवरची बुरशी वाटते. म्हणजे नाचणाला राहायला झुडूप हवं, आणि बांधायला त्या झुडपातले कोळी हवेत. जिथे रोज कुणी खराट्याने जाळी काढतं तिथे हा कसा राहणार?

अंडी बहुधा तीन, सुपारीहून लहान, फिकट गुलाबीसर पिवळी, जाड टोकाला तपकिरी ठिपक्यांचं कडं. दोघेही पिल्लांना भरवतात. त्या दिवसांत यांचा स्वभाव बदलतो. एरवी नाचत-गात हिंडणारा हा एवढासा प्राणी भारद्वाजाच्या पाठीवर चोच मारून आलेला मी पाहिला आहे. भारद्वाज केवढा, हा केवढा. आमच्या हाफिसात एक बुटके हेड पोस्टमन होते, ते असेच युनियनवाल्यांच्या अंगावर जायचे.

हे सगळं मी ज्या घरट्यांवरून शिकले त्यातलं एक मी स्वतः तोडलं आहे. ही पोस्ट लिहायची तर ते लिहायलाच हवं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी एका गटाबरोबर टेकडीवर श्रमदानाला जायला लागले. गटाचं नाव सांगत नाही, मंडळी मनापासून काम करणारी होती. पावसाळ्याआधी रोपांसाठी खड्डे खणायचे आणि त्यासाठी घाणेरी काढायची असा कार्यक्रम होता. घाणेरी म्हणजे टणटणी. ती वाईट, परदेशी, रान गिळणारी, तिच्याखाली काही उगवत नाही, हे आम्हाला पहिल्याच रविवारी सांगितलं गेलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं म्हणून कलकत्त्याच्या बागेत आलं आणि देशभर सुटलं. माझ्या हातात कोयता आला आणि काय सांगू, अंगात आलं. इतक्या वर्षांनी पेन आणि शिक्क्याशिवाय दुसरं काहीतरी हातात धरलं होतं. तिशीतला एक मुलगा म्हणाला, "काकू, तुमचा हात भारी चालतो हो!" मग काय, आणखीनच चालला.

ढीग रचताना त्याच मुलाने हाक मारली. तोडलेल्या फांदीवर घरटं होतं. दोन अंडी आत, एक फुटून फांदीवर ओघळलेलं. बाजूच्या गिरिपुष्पाच्या फांदीवर नाचण शेपूट उघडत-मिटत ओरडत होता. तो आवाज मी सकाळपासून ऐकत होते आणि गाणं समजत होते.

आम्ही ती फांदी शेजारच्या झुडपाला सुतळीने बांधली. सगळे लांब जाऊन बसलो. पक्षी दोनदा आला, घरट्याभोवती फिरला, काठावर बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच पहाटे गेले. घरटं जागेवर, अंडी नाहीत. खाली कवचंही नव्हतं. मुंगूस, धामण, भारद्वाज, कुणीही असेल. सावलीतून उचलून उघड्यावर बांधलेलं घरटं, ते कुणाला दिसणार नाही? वहीत त्या दिवशी मी 'अपुरा पत्ता' एवढंच लिहिलं. पत्ता पुरा होता. अपुरा मी केला.

नंतर वन्यजीव संरक्षण कायदा वाचला, तोही १९७२ चाच, पिनकोडच्या वर्षीचा. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा येतं. म्हणजे मी, कोकणस्थांच्या घरात अंड्याचा वासही न घेता वाढलेली बाई, शिकारी ठरले. यांना सांगितलं तर म्हणाले, "भिंतीवर लावायला कोयता फ्रेम करून घेऊ या." हे असंच बोलतात.

पुढच्या रविवारी मी गटात एवढंच म्हटलं की घाणेरी काढू, पण मार्च ते ऑगस्ट नको. थंडीत काढू, आणि एकदम सगळी नको. त्यावरून जी चर्चा झाली तिला चर्चा म्हणणं औदार्याचं आहे. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही काय घाणेरी बचाव आंदोलन काढताय का?" दुसरे म्हणाले की थंडीत माती कडक होते, मुळं निघत नाहीत. दुसऱ्यांचं म्हणणं खरं होतं. पावसाच्या तोंडावर काढायला सोपं जातं म्हणूनच तेव्हा काढतात. पण सोपं कुणाला, एवढं विचारायला हवं होतं आणि ते मला त्या क्षणी सुचलं नाही. नेहमीसारखं घरी येऊन कणीक मळताना सुचलं.

मी घाणेरीची वकिली करत नाही. तिच्या जागी हेंकळ, करवंद, धायटी, मुरुडशेंग असती तर नाचणाने घाणेरीकडे ढुंकून पाहिलं नसतं, अशी माझी समजूत आहे. सिंहगडच्या दरीत देशी झुडपं आहेत, तर तिथे त्याची घरटी देशी झुडपांत. टेकडीवर गुडघा ते डोकं या उंचीत उरलंय काय तर बहुतेक घाणेरीच. भाड्याचं घर वाईट असलं तरी दुसरं मिळेपर्यंत माणूस तिथे राहतोच ना? आधी दुसरं घर बांधा, ते मोठं होऊ द्या, मग हे पाडा. लागवडवाल्यांना झाड दिसतं, झुडूप दिसत नाही. झुडूप म्हणजे त्यांच्या लेखी कचरा, गचपण, 'साफ करायची' गोष्ट. वड, पिंपळ, कडुनिंब यांच्या रोपांबरोबर लोक फोटो काढतात. हेंकळीच्या रोपाबरोबर फोटो काढलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. काटे टोचतात हेही आहे.

पण या हिशोबातही एक खोच आहे, आणि ती टेकडीवरच्या त्याच काकांनी मला दाखवली, ज्यांनी नाचणाचं नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुमचा नाचण इथला जुना रहिवासी आहे असं कशावरून?" टेकडी पूर्वी बोडकी होती. गवत, खडक, तुरळक काटेरी झुडपं. मग वनखात्याने गिरिपुष्प लावलं, लवकर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत म्हणून. आज उतारच्या उतार त्या एकाच झाडाने भरलेत. त्या सावलीत घाणेरी वाढली आणि त्या घाणेरीत नाचण. दोन्ही झाडं मूळची तिकडची, अमेरिकेतली. आणि जे गेलं ते गवत, त्याबरोबर गवतातले चंडोल गेले. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी पुण्याच्या बाजूला सरकारी आकडेवारी गोळा करत हिंडायचा. त्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्याच्या नावाचा एक चंडोल आहे, उघड्या खडकाळ माळावर राहणारा. तो आता पाहायचा तर मला पुण्याबाहेर सासवड-जेजुरीच्या माळांवर जावं लागतं.

काकांचं बोलणं ऐकून मी दोन दिवस गप्प होते. म्हणजे ज्याच्यासाठी मी भांडतेय तो नाचण, टेकडीपुरता तरी, चुकीच्या झाडाखालच्या चुकीच्या झुडपाचा लाभार्थी. घळींमध्ये तो आधीही असेल, तिथे ओल आणि सावली होतीच. पण उतारांवर तो बहुधा नवा भाडेकरू. मग त्याला काढून चंडोलाला परत बोलवायचं का? मला नाही जमणार. ज्याचं घरटं आपल्या हातून तुटलं त्याच्या बाजूने माणूस जरा झुकतोच. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुम्ही घळी सांभाळा, मी माळ सांभाळतो." तशी आमची बीटं ठरली आहेत.

त्या गटात मी अजून जाते. कोयता घेत नाही, आधी फेरी मारते. ज्या झुडपात हालचाल दिसेल त्याच्या अलीकडे दगडावर चुन्याची फुली. आता मुलं विचारतात, "काकू, इथे फुली आहे का?" नसेल तर तोडतात. मागच्या वर्षी जूनमध्ये अकरा फुल्या होत्या. सगळ्या काही नाचणाच्या नव्हत्या, बुलबुल, वटवटे, शिंपीही त्यात. ते गृहस्थ मला 'फुलीवाल्या बाई' म्हणतात, म्हणू देत. पोस्टात याहून वाईट नावं होती.

यंदाची गोष्ट मात्र टेकडीवरची नाही, आमच्याच सोसायटीची आहे. सुरुवातीला म्हटलं ना, पुढच्या अंगणात नाही आणि मागच्या बोळात आहे? पुढे लॉन आहे, कडेने कापून चौकोनी केलेली कुंतीची झुडपं आणि चार पाम. मागे पंपाची खोली, गळका नळ, कुणीतरी टाकलेल्या कोयीतून आलेलं आंब्याचं झाड, त्यावर चढलेली गुळवेल आणि खाली रातराणी. गळक्या नळाबद्दल मी तक्रार केली नाही, हे इथे कबूल करते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रातराणीच्या वर, आंब्याच्या बारीक दुबेळक्यात, जाळ्याचा तो कप दिसला.

आणि नोटीस बोर्डावर कागद: पावसाळापूर्व साफसफाई, मागील बाजूची झाडी तोडणे, डासांचा प्रादुर्भाव, रविवारी सकाळी आठ.

मी रीतसर अर्ज लिहिला. मा. सचिव यांस, विषय, संदर्भ, सगळं. हाताने, कारण माझ्या अक्षराला अजून वजन आहे. डासांबद्दल लिहिलं की ज्याला आपण हाकलणार आहोत तो दिवसभर डास-माश्याच खातो, आणि पगार घेत नाही. मुदत मागितली तीस दिवसांची. अंडी उबवायला बारा-तेरा दिवस, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच, आणि थोडे वरचे, कारण माझी मोजणी कधी सुरू झाली याची मला खात्री नव्हती. सचिव तरुण आहेत, बाणेरला कंपनीत जातात. त्यांनी अर्ज वाचला, मागे वळवून पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "काकू, पंधरा जूनपर्यंत. त्यानंतर मेंबर्स मला खातील."

माळ्याला सांगणं जास्त अवघड गेलं. त्याने रविवारची मजुरी ठरवली होती. ती मी दिली, पुढच्या लॉनवर त्याला अर्धा दिवस गवत काढायला लावलं. तो मध्येच मागे येऊन बघून गेला. म्हणाला, "ताई, येवढ्याशा वाटीत तीन जण राहत्यात?"

तीनच राहिले नाहीत. दोन जूनला अंड्यांतून पिल्लं बाहेर आलेली दिसली, तीन चोची. आठ तारखेला दोन. एक कुठे गेलं, माहीत नाही. त्याच दुपारी पंपाच्या खोलीवर बोका झोपलेला होता, पण झोपलेल्यावर आळ कसा घेणार. बारा तारखेला रात्री जोराचा पाऊस झाला. मी दोनदा उठून बॅटरी घेऊन खाली जाणार होते, यांनी जाऊ दिलं नाही. "तू गेलीस तर ती घाबरून उडेल," म्हणाले. एवढं यांना कधी समजायला लागलं कोण जाणे.

तेरा तारखेला सकाळी घरटं रिकामं होतं. मी धसका घेऊन उभी. मग रातराणीच्या आतून एक चिरका आवाज आला, आणि बुटक्या शेपटाचं, फुगलेल्या पिसांचं एक पिल्लू फांदीवर डोलताना दिसलं. दुसरं त्याच्या मागे. आई किंवा बाबा, जे कोणी असेल ते, चोचीत काहीतरी पंखवालं घेऊन आलं. पिल्लाने तोंड उघडलं आणि त्याच वेळी शेपूटही उघडायचा प्रयत्न केला. इंचभराचं शेपूट, पंखा कसला होतोय, तोल जाऊन खालच्या फांदीवर आलं.

वहीत ४११०३८ च्या पानावर मी शेरा लिहिला: 'दोन नग, वितरित.' पंधराला माळी आला. त्याला रातराणी अर्ध्यावर छाटायला सांगितली, आंब्याला हात लावू नको म्हटलं. गळका नळ सचिवांनी त्याच दिवशी बदलून घेतला. आता पुढच्या वर्षी तिथे ओल कुठून आणायची, ते बघते आहे. पंपाच्या खोलीमागे एक जुनी मातीची कुंडी आहे, तिला तळाशी भोक नाही.